उजेडाची सुई आणि पारवा कोट

रफू करणाऱ्या बाईचं काम दिसलं, की ते फसलं. गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं राहायचं, कपडा उजेडात धरायचं, इकडून बघायचं, तिकडून बघायचं आणि विचारायचं, "फाटलं कुठे होतं हो?" माझ्या सासूबाई मान वर न करता म्हणायच्या, "मला काय ठाऊक? तुम्हीच घेऊन आलात." एवढीच त्यांची शाबासकी, आणि तेवढी त्यांना पुरायची.

म्हणूनच पोस्टमास्तरांनी कोटाच्या कोपरावर बोट ठेवलं, तो दिवस दुकानाला जड गेला.

कोट होता पारव्याच्या मानेसारखा. विणीत उभा धागा राखी, आडवा धागा निळा, त्यामुळे अंग हललं की रंगही हलायचा. उभं राहिलं तर ढगाचा, हात उचलला तर पाण्याचा. पोस्टमास्तर भला माणूस. बोट ठेवलं तेही असं, जणू झोपलेल्या मुलाच्या गालावर ठेवतोय.

"काम सुरेखच झालंय, बाई. फक्त हात वाकवला की सगळा कोट निळा होतो, आणि एवढा तुकडा तसाच बसून राहतो. रुसल्यासारखा."

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, कोट घेतला, नाकाशी नेला, दूर धरला, पुन्हा नाकाशी नेला. त्यांना तो तुकडा सापडेना. गिऱ्हाइकाला दिसलं आणि त्यांना दिसलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटानं चाचपलं. राखी धागा जरा जाड, निळा बारीक, ते बोटाला कळलं. राखी धाग्याच्या जागी निळा गेला होता, निळ्याच्या जागी राखी.

"ठेवून जा," त्या म्हणाल्या.

"अहो, पण थंडी..."

"थंडी वाजली तर दुसरा घाला. हा माझ्या हातून असा बाहेर जायचा नाही."

पोस्टमास्तर गेले. इस्त्रीच्या टेबलामागे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, वाफ सोडत उभ्या होत्या. सासरे गेल्यापासून या दोघींनीच दुकान धरलेलं. एक फाटलेलं जोडायची, दुसरी सुरकुतलेलं सरळ करायची, आणि दिवसभर एकमेकींना उसवत बसायच्या.

"वहिनी, कबूल कर आता. डोळा गेला."

"डोळा कुठे गेलाय, वन्सं? दुकानातला उजेड कमी झालाय."

"उजेड तोच आहे गं. दिव्याला कधी मोतीबिंदू होतो का?"

आई हसल्या नाहीत, तेव्हाच मला कळलं की दुखणं खोल आहे. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून आळशी. "तो माझ्याबरोबर सासरी आलाच नाही, माहेरीच राहिला," असं त्या सांगायच्या. सगळा संसार उजव्यानं ओढला होता. तो गेला, तर सुई गेली. आणि सुई गेली तर आई नुसत्या जेवून उठणाऱ्या म्हाताऱ्या होणार होत्या, हे त्यांनी स्वतःच एकदा भांडी पुसता पुसता मला सांगितलं होतं.

*

डोळ्यांची डॉक्टरीणबाई माझ्याच वयाची. हसली की तिच्या गालाला खळी पडे, पण बोलणं नेमकं. मोतीबिंदू काढून आत भिंग बसवायचं, हे आम्हाला माहीत होतं. तिने दाखवलं ते भिंग मात्र निराळं. मसुराच्या डाळीएवढं, पाण्याच्या थेंबासारखं, चिमट्याच्या टोकावर थरथरणारं.

"साधं भिंग एकदा बसलं की बसलं," ती म्हणाली. "मोजमापात उन्नीस-बीस झालं तर पुढे जन्मभर चष्मा. हे तसं नाही. हे डोळ्यात गेल्यावरही काही दिवस कच्चं राहतं, आणि उजेडानं घडवता येतं."

"उजेडानं?" आईंची मान वर झाली. "हातोडी-बितोडी काही नाही?"

"काहीच नाही. टाका नाही, चीर नाही. असं बघा, मावशी. हे भिंग म्हणजे विणलेली जाळी आहे. लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. त्या जाळीत काही रेणू मुद्दाम सुटे ठेवलेत. ते कुणाला बांधलेले नाहीत, नुसते तरंगतात. मी माझ्या यंत्रातून अतिनील उजेडाचा एक आकार भिंगावर टाकते. जिथे उजेड पडतो, तिथले सुटे रेणू एकमेकांचे हात धरतात, त्यांची साखळी होते. मग तिथे सुटे उरत नाहीत. जागा रिकामी दिसली की काठाचे, अंधारातले सुटे रेणू हळूहळू तिकडे सरकतात. दोन दिवसांत तो भाग किंचित फुगतो. भिंगाचा बाक बदलतो, आणि बाक बदलला की नजर बदलते."

आई पदराची शिवण बोटांनी चाचपत राहिल्या. मला वाटलं, डोक्यावरून गेलं.

"म्हणजे काठाच्या शिवणीतला धागा काढायचा आणि मधल्या भोकात भरायचा," त्या म्हणाल्या. "त्याच कापडाचा धागा. बाहेरचा नाही."

डॉक्टरीणबाईच्या गालाला खळी पडली. "अगदी तसंच. फक्त सुई उजेडाची."

"आणि गाठ?"

"गाठ शेवटी. मनासारखं दिसायला लागलं की सगळ्या भिंगावर उजेड टाकायचा, उरलेसुरले सुटे रेणू बांधून टाकायचे. एकदा गाठ मारली की उन्हात बसा, समुद्रावर जा, भिंग हलायचं नाही. पण गाठ मारेपर्यंत..." तिने बोट वर केलं, "जागेपणी सतत हा चष्मा. घरात हा, बाहेर हा काळा. उन्हातही तोच अतिनील उजेड असतो, आणि उन्हाला काही नक्षी माहीत नसते. ते वाटेल तिथे टाके घालत सुटेल."

घरी येताना आई माझ्या हाताला धरून चालत होत्या आणि स्वतःशी गुणगुणत होत्या. ही त्यांची जुनी खोड. हाताला काम नसलं की ओठाला लागे.

*सुई गं सुई माझी, लोखंडाची लेक,*
*उजेडाच्या सुईला गं, पोलाद ना मेख.*

मग थांबून म्हणाल्या, "कुणाला सुचलं असेल गं हे? सुटे ठेवायचं? सगळेच बांधून टाकायची घाई असते माणसाला. कुणीतरी म्हटलं असेल, थांबा, थोडे मोकळे राहू देत, पुढे कामाला येतील. मोठं डोकं, बाई."

*

शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली ती मंद दिव्याच्या खोलीत. आईंनी पापण्या उघडल्या, समोरच्या पडद्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"निळा," त्या म्हणाल्या. "अगं, हा निळा आहे."

मोतीबिंदू डोळ्याला गढूळ पिवळा करतो आणि सगळ्यात आधी निळा खातो, असं डॉक्टरीणबाईने मला नंतर सांगितलं. इतक्या हळू खातो, की गेल्याचं कळत नाही. आईंच्या जगातून निळा रंग वर्षानुवर्षं चोरपावलांनी जात होता, आणि आता तो दार ठोकून परत आला होता. पण लगेच चष्मा चढला. त्याच्या काचेला पुसट पिवळी झाक. निळा आला खरा, पण उंबऱ्यावरच थांबला.

घरी आत्याबाईंनी काळा चष्मा बघून हात जोडले. "या, सिनेमावाल्या बाई! आमच्या झोपडीत कशा आलात?"

"सही हवी असेल तर रांगेत उभ्या राहा, वन्सं."

दिवस जात होते. मी डोळ्यात थेंब घालायची, आई चष्मा घालून उशीला टेकून बसायच्या, शेंगा सोलायच्या. सुईला हात लावायचा नाही, हा त्यांनीच स्वतःवर घातलेला नियम. पण कोट खुंटीला होता. त्याची एक अडचण मला फार उशिरा कळली. रफूला धागा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढतात. पहिल्या फसलेल्या कामात कोटाच्या शिवणीतले सगळे देण्याजोगे धागे खर्ची पडले होते. आता धागा बाहेरचा घ्यायला हवा, आणि बाहेरचा घ्यायचा तर रंग जुळायला हवा. जुन्या कपड्यांतून काढलेले धागे आईंच्या पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्यांवर गुंडाळलेले असत. राखी धागा लगेच सापडला. निळे मात्र डझनावारी होते, आणि चष्म्यातून सगळे सारखेच वाटायचे, थोडे हिरवट, थोडे आजारी.

एके दुपारी मी भाजी घेऊन परतले. दुकानाच्या पायरीवर लख्ख ऊन पडलेलं. त्या उन्हात आई उभ्या. कोटाची बाही डाव्या हातावर पसरलेली, तिच्यावर निळ्या धाग्यांची ओळ मांडलेली, आणि चष्मा कपाळावर.

त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की क्षणभर मला ओरडवेना.

"अहो आई! चष्मा!"

त्यांनी दचकून चष्मा खाली ओढला. धागे पायरीवर पडले. काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. उभी हयात त्यांचा हात रंग जुळवायला दारात जायचा, उन्हात. दिव्याखाली रंग जुळवणारी रफूवाली ती कसली. हात त्याच सवयीनं उठला, चष्मा त्याच सवयीनं वर गेला. दुसऱ्या कुठल्याही बाईनं ही चूक केली नसती.

"किती वेळ उभ्या होतात?"

"सापडेपर्यंत," आई म्हणाल्या. मग पायरीवरून एक धागा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "हा. सांभाळून ठेव."



आत्याबाईंनी सगळं ऐकलं आणि इस्त्री उभी केली. "डॉक्टरला कशाला सांगायचं? काही झालं नसेल. उगीच बोलणी खायची हौस."

"वन्सं, रफू लपवायचा असतो. फाटलेलं नाही," आई म्हणाल्या. "फाटलेलं लपवलं तर तिने टाके घालायचे कुठे?"

*

डॉक्टरीणबाई रागावली नाही, पण खळीही पडली नाही. यंत्रावर हनुवटी टेकवून बराच वेळ बघत राहिली.

"उन्हात बाहुली बारीक होते," ती म्हणाली. "तेवढ्या भोकातून जे ऊन शिरलं, ते मधोमध बसलंय. मधला भाग थोडा फुगलाय. म्हणजे नजर जवळच्या बाजूला सरकली."

"मग बरंच झालं की," आत्याबाई मागून म्हणाल्या. त्या हट्टानं आल्या होत्या. "हिला जवळचंच हवंय."

"सरकली, पण वेडीवाकडी. आणि सुटे रेणू खर्च झाले. किती उरलेत ते मला मोजता येत नाही, मावशी. उजेड टाकल्यावर भिंग काय करतं त्यावरूनच कळेल. आपण ठरवलं होतं की एकाच डोळ्याला थोडं जवळचंही द्यायचं आणि लांबचंही. आता दोन्हीचा भरवसा देत नाही. एकच नीट करायला बघू. कुठलं?"

खोलीत यंत्राचा पंखा घुमत होता. आई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

"लांब कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"रस्ता. गाड्या. समोरून येणारी माणसं. झाडं, आभाळ."

"आभाळाला चष्मा लावून बघेन. माणूस जवळ आलं की बोलेलच. मला सुईचं टोक द्या, बाई."

"किती अंतरावर?"

आईंनी हात वर केले, नसलेल्या सुईत नसलेला धागा ओवला, नाकापासून वीतभर. "इथे."

डॉक्टरीणबाईने पट्टीनं अंतर मोजलं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले. मग यंत्र सुरू झालं. मी कोपऱ्यात उभी होते. बघण्यासारखं काहीच नव्हतं. निळसर-जांभळा एक ठिपका, आणि त्यापुढे बिनहालचाल बसलेली एक म्हातारी बाई. आवाज नाही, स्पर्श नाही, वेदना नाही. पण त्या ठिपक्यात नक्षी होती, कुठे दाट, कुठे विरळ, गणित करून आखलेली. त्या नक्षीखाली, डाळीएवढ्या थेंबाच्या आत, डोळ्याला कधी न दिसणारे कितीतरी जण एकमेकांचे हात धरत होते. मला देवळाबिवळात जसं वाटत नाही तसं तिथे वाटलं. हे माणसानं शोधलं, या विचारानं ऊर भरून आला.

"सगळं गुलाबी दिसतंय गं," आई बाहेर येताना म्हणाल्या.

"वय झालं की असंच होतं," आत्याबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा लग्नाचा विचार आहे का?"

ती गुलाबी झाक संध्याकाळपर्यंत विरली. मग उरलं वाट बघणं. काठाचे रेणू अंधारातून मधे सरकायला वेळ घेतात, घाई चालत नाही. आई चष्मा नाकावर घट्ट दाबून खिडकीकडे पाठ करून बसायच्या. सुई समोर धरून बघायच्या नाहीत. "मुरतंय, मुरू दे," म्हणायच्या. आणि मधेच, कुणाला तरी समजावल्यासारखं,

*सुट्या माझ्या बाळांनो, काठ सोडा काठ,*
*मधे पडलं खिंडार, तुमची बघतं वाट.*

*

ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाईने छापील अक्षरांचा तक्ता वीतभर अंतरावर धरला. आईंनी मान हलवली. धुकं. तिने तक्ता मागे नेला, आणखी मागे. आईंचे ओठ हलायला लागले. सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ त्यांनी धडाधड वाचली. पण तक्ता तेव्हा वीतभरावर नव्हता, चांगला हातभर मागे गेला होता.

"सरकलं, पण हवं तितकं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आणखी एकदा बघते." पुन्हा थेंब, पुन्हा ठिपका, पुन्हा वाट बघणं. या खेपेला भिंग जागचं हललं नाही. शिवण रिकामी झाली होती.

"आता गाठ मारावी लागेल, मावशी. सुई धराल तिथे नाही, थोडी पुढे दिसेल. माझी इच्छा होती..."

"तुम्ही होतं तेवढ्या धाग्यात भरलंत," आईंनी तिचा हात थोपटला. "उन्हात मी उभी राहिले होते, तुम्ही नाही. मारा गाठ."

गाठ मारून झाली. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईने स्वतः त्यांचा चष्मा उतरवून माझ्या पिशवीत टाकला.

घरी येऊन आई सुई घेऊन बसल्या, नेहमीसारख्या पोक काढून, नाक कापडात खुपसून. दिसेना. वैतागल्या. पाठ सरळ केली, हात पुढे नेले, कोपरं मांडीवर टेकवली. सुईचं टोक लखकन समोर आलं.

"हे काय बसणं झालं? परक्याच्या घरी आल्यासारखं," त्या कुरकुरल्या.

आत्याबाई इस्त्री हातात धरून बघत राहिल्या होत्या. आवाज जरा निराळाच आला. "अगं, तू नवी नवरी होऊन आलीस तेव्हा अश्शीच बसायचीस. ताठ, कोपरं मांडीवर. आमची आई म्हणायची, सून आणली का शिपाई आणला? नाकाशी कापड कधी न्यायला लागलीस, आठवतंय तुला?"

आईंना आठवेना. डोळा जसजसा गढूळ होत गेला, तसतसं कापड बोटबोट जवळ येत गेलं असणार, आणि पाठ वाकत गेली असणार. डॉक्टरीणबाईला त्यांनी जे माप दिलं, ते आजारी डोळ्याचं माप होतं.

"म्हणजे मागितलं ते मिळालं नाही हे बरंच झालं म्हणायचं?" मी विचारलं.

"काही बरं नाही, मान अवघडते माझी," आई म्हणाल्या. पण पूर्वीसारखी मानेला तेल चोळायला त्यांनी पुढे कधी मला हाक मारली नाही.

*

पारव्या कोटाचं जुनं काम त्यांनी आधी धागा धागा उसवलं. मग दारात पाट टाकून बसल्या, उन्हात, उघड्या डोळ्यांनी. जपून ठेवलेला निळा मी आणून दिला. राखी उभा, निळा आडवा. एक वर, एक खाली. त्या ताठ बसलेल्या, सुई हातभर पुढे, आणि ओठावर गुणगुण. रस्त्यानं कोण येतंय जातंय ते त्यांना दिसत नव्हतं. कुणी नमस्कार केला की म्हणत, "जवळ या, मग ओळख सांगा."

पोस्टमास्तर जवळ आले, आवाजावरून ओळखले गेले. आईंनी कोट दिला. त्यांनी तिथेच अंगात घातला, पायरीवर उतरले आणि उन्हात हात वाकवला. कोट ढगाचा होता तो पाण्याचा झाला. खांदा, दंड, कोपर, मनगट, सगळी बाही एका लयीत. कुणीच रुसून बसलं नव्हतं.

त्यांनी कोट काढला, बाही उलटसुलट फिरवली, कोपरावर बोट टेकवलं, उचललं, दुसरीकडे टेकवलं. "बाई, फाटलं कुठे होतं हो?"

आई मान वर न करता उत्तर देतील असं मला वाटलं. पण त्या उठल्या. "थांबा, दाखवते," म्हणाल्या. आवाजात लहान मुलीची ऐट होती. बाही हातभर अंतरावर धरली. उजेड स्वच्छ होता, डोळा स्वच्छ होता. कापडाचा एकेक धागा त्यांना मोजता येत होता. त्या बघत राहिल्या. कापड तिरपं केलं, सरळ केलं. मग डोळे मिटून बोटानं चाचपलं, आणि बोटालाही लागलं नाही.

"अगं," त्या माझ्याकडे वळल्या, "तू बघ बरं. मला सापडेना."

मी बघितलं. मलाही सापडेना.

"द्या इकडे, मी सांगते," आत्याबाई इस्त्री सोडून आल्या आणि बाही उलटी करू लागल्या. आतल्या बाजूला टाक्यांची टोकं हमखास दिसतात.

आईंनी झटकन बाहीवर हात ठेवला. "राहू दे, वन्सं. आतलं बघायचं नाही."

त्या हसत होत्या, आणि नवा डोळा पाण्यानं भरला होता. माझा हात सवयीनं चष्म्याच्या पिशवीकडे गेला. मग आठवलं, गाठ मारून झालीय. आता ऊन पडो.